‘काही नाही, मजेत!’ : गावाकडच्या पोरांचा कडक चेहरा

एसटीच्या खडखडाटात ज्यांना ऐकू येत नाही, किंवा ज्यांचा एक इयरफोन कायम बंद असतो, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोललोय तसाच ठेवलाय, फक्त मधले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढलेत.

आजचा विषय पोरांचा आहे. तेरा ते एकोणीस वयाची पोरं. मिसरूड फुटतंय, आवाज फाटतोय, आणि ‘काय झालं रे?’ विचारलं की एकच उत्तर येतं : ‘काही नाही.’

मी माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडचा. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, हे आधीच सांगतो. पण या विषयावर जे संशोधन झालंय ते वाचलंय, आणि आपल्या भागातली पोरं कशी वाढतात ते माहितीय. या दोन गोष्टी जोडून बघू.

किती वाक्यं ऐकलीत, मोजा

पोरगा असाल तर ही यादी पाठ असेल. ‘पोरीसारखा काय रडतो?’ ‘बांगड्या भर हातात.’ ‘गड्यानं असं हळवं नसतं राहायचं.’ ‘बायल्या.’ ‘एवढ्याशानं काय होतंय?’ ‘आता तू मोठा झालास.’ शेवटचं वाक्य तर आठव्या वर्षापासून सुरू होतं.

गंमत बघा, यात पोरींचाही अपमान आहे. पोरगी रडते म्हणून ती कमी, आणि पोरगा रडला की तो तिच्याएवढा कमी. एका दगडात दोघं.

लहानपणी मुलगा आणि मुलगी साधारण सारखंच रडतात. मोठा फरक दिसायला लागतो तो किशोरवयात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या एका अभ्यासात १५ देशांतल्या १० ते १४ वयाच्या मुलामुलींशी आणि त्यांच्या पालकांशी बोलणं झालं. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्या देशांत भारतही होता. जवळपास सगळीकडे एकच चित्र : मुलगी नाजूक, तिला जपा, मुलगा कणखर, त्याला मोकळं सोडा. आणि हे दहाव्या-अकराव्या वर्षीच मनात पक्कं बसलेलं असतं. म्हणजे हा फक्त बीडचा रोग नाही. पण प्रत्येक ठिकाणी त्याची कारणं वेगळी असतात, आणि आपली कारणं समजून घेतली पाहिजेत.

कडक व्हावं का लागतं?

पुण्या-मुंबईत बसून ‘मुलांनी मोकळेपणानं रडलं पाहिजे’ म्हणणं सोपं आहे. आपल्याकडं कडकपणा हा शौक नसतो, बऱ्याचदा गरज असते.

दिंद्रुड तेलगाव-सिरसाळा रस्त्यावर. तेलगावला साखर कारखाना आहे, तरी आपल्या जिल्ह्यातली लाखो माणसं दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊस तोडायला सांगली, सातारा, कोल्हापूर, कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. परत येतात उन्हाळा लागल्यावर.

आता समजा, नववीतला एक पोरगा आहे. आई-बाप कारखान्यावर, घरी आजी आणि धाकटी बहीण. सकाळी पाणी भरणं, बहिणीला शाळेत सोडणं, आजीच्या गोळ्या आणणं, सगळं त्याच्याकडं. रात्री आईचा फोन येतो.

‘जेवलास का रं?’
‘हो.’
‘करमतंय का?’
‘हो. तुमचं कसंय?’
‘आमचं काय, मजेत.’

दोघंही खोटं बोलतायत. तिकडं पालाच्या कोपीत थंडीनं झोप नाही, इकडं याला आईची आठवण येते. पण ती काळजी करील म्हणून तो सांगत नाही, आणि त्याचा अभ्यास बुडेल म्हणून ती सांगत नाही. हे लपवणं प्रेमापोटी आहे. त्याला नुसती ‘पुरुषी मानसिकता’ म्हणून मोकळं होता येत नाही.

दुसरी गोष्ट आणखी जड आहे. ज्या घरात बाप गेला, कधी अपघातानं, कधी आजारानं, कधी कर्जानं, तिथं चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावरचे केस उतरतात. तो पाणी देतो. तेराव्याला पाहुणे टॉवेल-टोपी करतात आणि प्रत्येक जण खांद्यावर हात ठेवून तेच सांगतो : ‘आता तूच कर्ता. आईकडं बघ, तू रडलास तर तिनं काय करायचं?’ सांगणाऱ्यांच्या मनात माया असते. पण त्या पोराचा बाप गेलाय, आणि सगळ्या मांडवात त्यालाच तेवढी रडायला बंदी आहे.

तिसरं, भरती. पहाटे पाच वाजता रस्त्यावर पळणारी पोरं तुम्ही बघितलीत. पोलीस भरतीचे १६०० मीटर, गोळाफेक, अग्निवीर. तिथं दम लागतो, पोटरी भरून येते, तरी थांबायचं नसतं. तिथला कडकपणा शिकायलाच हवा. त्यावरच घर उभं राहणार असतं.

म्हणून मला वाटतं, आपण दोन शब्दांची गल्लत करतोय. सोसणं वेगळं, लपवणं वेगळं. सोसणं म्हणजे पोटरी दुखत असताना शेवटची फेरी पूर्ण करणं. लपवणं म्हणजे हाड मोडलंय तरी कुणाला न सांगता रोज पळत राहणं. पहिल्यानं ताकद वाढते, दुसऱ्यानं पाय जातो. आपण पोरांना सोसायला शिकवतो असं समजतो, आणि प्रत्यक्षात लपवायला शिकवतो.

लपवल्यावर आत काय होतं

आता थोडं विज्ञान. फार नाही.

१९९३ मध्ये जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. कॉलेजच्या पोरापोरींना शस्त्रक्रियेचे वगैरे अंगावर येणारे व्हिडिओ दाखवले. काहींना सांगितलं, नुसतं बघा. काहींना सांगितलं, असं बघा की तुमच्याकडं पाहणाऱ्याला तुम्हाला काय वाटतंय ते कळता कामा नये.

दुसऱ्या गटाचे चेहरे खरंच शांत राहिले. पण ‘किळस किती वाटली?’ विचारल्यावर उत्तर पहिल्या गटाइतकंच आलं. म्हणजे भावना कमी झालीच नाही. उलट अंगात ताणाच्या काही खुणा वाढल्या. चेहऱ्यावरचं बटण बंद केलं, आतली मोटर चालूच राहिली.

पुढं २००० मध्ये जेन रिचर्ड्स आणि ग्रॉस यांना आणखी एक गोष्ट दिसली. चेहरा दाबून ठेवणाऱ्यांना त्या वेळी सांगितलेली माहिती नंतर कमी आठवली. कारण साधं आहे. डोक्याची अर्धी ताकद ‘दिसू द्यायचं नाही’ या कामाला लागली होती. वर्गात बसलेला पोरगा फळ्याकडं बघतोय पण डोक्यात काही शिरत नाहीये, तर दर वेळी तो आळशीच असतो असं नाही.

तिसरा प्रयोग मला सगळ्यात जास्त लागला. २००३ मध्ये एमिली बटलर आणि सहकाऱ्यांनी अनोळखी बायकांच्या जोड्या केल्या, त्यांना एक अस्वस्थ करणारी फिल्म दाखवली आणि मग एकमेकींशी बोलायला लावलं. काही जोड्यांत एकीला गुपचूप सांगितलं होतं की भावना दाखवायच्या नाहीत. तेव्हा समोरचीचाही रक्तदाब वाढला आणि तिला जवळीक कमी वाटली. म्हणजे मी लपवतो तेव्हा त्रास माझ्यापुरता राहत नाही. समोरच्यालाही कळतं की काहीतरी अडतंय, फक्त काय ते कळत नाही.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे पटकन समजतं. प्रोग्राममध्ये एरर आली की तिची नोंद करायची असते. कुणी ती गपचूप गिळून टाकणारा कोड लिहिला तर स्क्रीनवर सगळं हिरवं दिसतं. एके दिवशी रात्री अडीचला पूर्ण सिस्टीम बसते, आणि लॉग उघडावा तर लॉगमध्ये काहीच नाही.

एकाच भावनेला परवाना

सगळ्या भावना दाबायच्या म्हटल्या तरी एक सुटते. राग. रागाला पोरांच्या जगात परवाना आहे.

भीती वाटली, तर राग दाखव. अपमान झाला, राग. पोरीनं नाही म्हटलं, वाईट वाटलं, राग. मार्क कमी पडले, लाज वाटली, दार आपट. पाच-सहा वेगवेगळ्या भावना एकाच दरवाजातून बाहेर पडतात आणि बाहेरच्याला फक्त राग दिसतो. मग आपण म्हणतो, ‘हे पोरगं लई तापट आहे.’

याच रागावर आपल्याकडचं सोशल मीडिया चालतं. हळू चालीतली एन्ट्री, मागं ढोल, खाली ‘दहशत’ नाहीतर ‘नाद करायचा नाय’. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. त्यानंतर बीडमधले बंदुकीचे परवाने आणि शस्त्रं मिरवणारे फोटो-व्हिडिओ यांची राज्यभर चर्चा झाली, प्रशासनानं परवाने रद्द करायला घेतले. त्या गुन्ह्याची कारणं वेगळी आहेत, ती पोलीस आणि कोर्ट बघेल. माझा प्रश्न वेगळा आहे. पंधरा वर्षांच्या पोराला ‘दहशत’ हा शब्द स्वतःच्या नावाखाली का लावावासा वाटतो? ज्याला घाबरण्याची परवानगी नाही, त्याला दुसऱ्याला घाबरवणं हाच सुरक्षित मार्ग वाटतो. निदान मला तरी असं दिसतं.

पोरं बोलतात, पण दुसऱ्याच्या आवाजात

पोरं काहीच व्यक्त करत नाहीत हेही खरं नाही. रात्री एक वाजता त्यांचे स्टेटस बघा. तीस सेकंदांचं दर्दभरं गाणं, काळा पडदा, तुटलेलं हृदय. सकाळी कुणी विचारलं की, ‘असंच टाकलं.’ बरेचदा विचारायच्या आत डिलीट.

हे बघितलं की मला जात्यावरची ओवी आठवते. आपल्या आज्यांना घरात तोंड वर करून बोलता येत नव्हतं. पण पहाटे दळताना त्या सासूचं, भावाचं, नवऱ्याचं, देवाचं सगळं गाऊन मोकळ्या व्हायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आपल्या माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांच्या ओव्याही १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. आज त्या ‘परी’ या संकेतस्थळावर ऐकता येतात.

ओवी आणि स्टेटसमध्ये एक मोठा फरक आहे. ओवी बाईची स्वतःची असायची आणि जात्याच्या खुंट्याला दुसरा हात असायचा. ऐकणारी समोर बसलेली. पोराचं स्टेटस दुसऱ्याच्या शब्दांत असतं आणि ऐकणारे दोनशे असून कुणीच नसतं.

आणि पुरुषांनी रडणं आपल्या मातीत बसत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला सप्ताहात घेऊन जा. काल्याच्या कीर्तनात पांढऱ्या मिशांची माणसं डोळे पुसतात. वारीत एकमेकांच्या पाया पडतात, गळ्यात पडतात, आणि पुरुष पुरुषाला हाक काय मारतो? माउली. विठ्ठल आई, ज्ञानोबा आई. सानेगुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तुरुंगात जाणारा माणूस भित्रा नव्हता, आणि आईसाठी रडायला त्याला लाजही वाटली नाही. म्हणजे परंपरा आहेच. पण ती पन्नाशीनंतर लागू होते, असं काहीतरी आपण ठरवून टाकलंय. सोळाव्या वर्षी ती कुणी देत नाही.

मित्र असतात, मग अडतं कुठं?

नायोबी वे नावाच्या संशोधक बाईंनी अमेरिकेतल्या पोरांच्या वर्षानुवर्षं मुलाखती घेतल्या, २०११ मध्ये त्यावर पुस्तक आलं. तेरा-चौदा वर्षांची पोरं जिवलग मित्राबद्दल अगदी मोकळेपणानं बोलायची. सगळी गुपितं त्याला सांगतो, तो नसला तर वेड लागेल, असं. तीच पोरं सतरा-अठराची झाली की म्हणायची, आता तसं काही नाही, आपण आपले. मैत्रीची गरज संपलेली नव्हती. ती दाखवली तर लोक काय म्हणतील, ही भीती आली होती.

आपल्याकडं हे तपासून बघा. पाच जण एका गाडीवर बसून फिरतो, एकाच ताटात जेवतो, पण ‘मला भीती वाटतेय’ हे वाक्य त्या पाचांत कधी कुणी उच्चारलंय?

महाराष्ट्रात यावर काम झालंय. १९९१ मध्ये सी. वाय. गोपीनाथ या पत्रकारानं वर्तमानपत्रात आवाहन केलं होतं की बायकांवरचा अत्याचार थांबावा असं वाटणाऱ्या पुरुषांनी पुढं यावं. २०५ पुरुषांनी उत्तर दिलं. त्यातूनच १९९३ मध्ये मुंबईत ‘मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूज’, म्हणजे ‘मावा’, ही संघटना उभी राहिली. हरीश सदानी तिच्या संस्थापकांपैकी. २००६ पासून त्यांनी ‘युवा मैत्री’तून कॉलेजच्या पोरांशी बोलायला सुरुवात केली. २००८ मध्ये मुंबई महापालिकेच्या शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी ‘जेम्स’ नावाचा प्रकल्प झाला. कोरो, टाटा समाजविज्ञान संस्था आणि आयसीआरडब्ल्यू यांनी मिळून केला. खेळ, चर्चा, गटात बोलणं. पोरांना बोलायची जागा आणि थोडा वेळ दिला की ती बोलतात, हे आपल्याच राज्यात करून बघितलेलं आहे.

आकडा एकच, पण बघाच

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्या. त्यात पुरुष १,२२,७२४. शंभरात बहात्तर. राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता, २२,७४६. कारणं खूप असतात : कर्ज, आजार, घरातले वाद, दारू. लपवण्यामुळंच हे होतं असं मी म्हणणार नाही. पण संकट येणं आणि संकटात असल्याचं कुणालाच माहीत नसणं, यातला दुसरा भाग आपल्या हातात आहे.

मग करायचं काय?

‘मोकळा हो, रड’ असं सांगून काही होत नाही. ते ऐकून पोरगं अजून घट्ट होतं. करून बघण्यासारख्या काही गोष्टी सांगतो.

पहिली : समोर बसवू नका, शेजारी बसा. डोळ्यांत डोळे घालून ‘बोल, काय झालंय’ म्हणजे पोलीस चौकशी वाटते. गाडी चालवताना, मोटर चालू करायला शेतात जाताना, कापूस वेचताना तोंड आपोआप उघडतं. कारण नजर दुसरीकडं असते.

दुसरी : प्रश्न बदला. ‘काय झालं?’ला ‘काही नाही’ हे उत्तर तयार असतं. त्याऐवजी, ‘दोन दिवस पळायला आला नाहीस, झोप लागत नाही का?’ असं दिसलेलं काहीतरी बोला. किंवा स्टेटसला इमोजी टाकण्याऐवजी फोन करा : ‘गाणं बघितलं तुझं. चहाला येतो.’

तिसरी : भावनेला नाव द्या. २००७ मध्ये मॅथ्यू लीबरमन यांनी मेंदूचे स्कॅन करून दाखवलं की भावनेला शब्द लावला की मेंदूतल्या अमिग्डाला या भीतीशी जोडलेल्या भागाची हालचाल कमी होते. नाव इंग्रजीतच हवं असं नाही. आपल्याकडं केवढे शब्द आहेत : करमत नाही, जीव घाबरतो, पोटात खड्डा पडतो, मन उडालंय, लाज वाटते, धाकधूक होते, कोंडल्यासारखं वाटतं. ‘डोकं हाललंय’ यावर थांबू नका. राग आला की स्वतःला विचारा, याच्या आधी अर्धा मिनिट काय वाटलं होतं?

चौथी : मित्र बोलला तर लगेच उपाय सांगू नका, आणि चारचौघांत त्यावर जोक तर अजिबात नको. ‘बरं झालं सांगितलंस’ एवढं पुरतं. एकदा हसण्यावारी गेलं की तो पुन्हा कधी बोलणार नाही.

पाचवी, घरातल्या मोठ्यांसाठी : बापानं, काकानं, दादानं आधी एक वाक्य स्वतःचं बोलावं. ‘मला बी लई टेन्शन आलंय रे या वर्षी.’ एवढंच. पोराला कळतं की असं बोलूनही माणूस गडीच राहतो. आणि तेराव्याला गेलात तर ‘रडू नको’ म्हणण्याऐवजी पोराजवळ शांत बसा. कर्ता व्हायला अख्खं आयुष्य पडलंय.

हे दिसलं तर थांबू नका

झोप उडणं किंवा सतत झोपणं, जेवण तुटणं, कायम डोकं-पोट दुखणं, मित्र सोडणं, गुटखा-दारू अचानक वाढणं, गाडी बेफाम चालवणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, ‘मी नसलो तर बरं होईल’ असं बोलणं. यातलं काही दिसलं तर सरळ विचारा : ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही. उलट सांगायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरातल्या भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगा. आणि फवारणीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडं. अवघड तास टळला की बरेच जण वाचतात.

टेलि-मानस, १४४१६. केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. अठराच्या आतल्यांसाठी १०९८ पण आहे. सरकारी दवाखान्यात किशोरवयीनांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ असतं, तिथं समुपदेशकाची चौकशी करा. नंबर आत्ताच सेव्ह करा. स्वतःसाठी नको वाटत असेल तर मित्रासाठी करा.

पुढच्या भागात भरतीच्या तयारीतलं खाणं आणि दुखापती यावर बोलू. तोपर्यंत हा भाग पाठवायचा असेल तर ग्रुपवर टाकू नका. एकाच मित्राला पाठवा, आणि संध्याकाळी त्याच्यासोबत तेलगाव रोडनं एक चक्कर मारा. भेटू!